बाविसाव्या वर्षी इलेक्ट्रिशियन व्हायचंय : आयटीआय करू की सहा महिन्यांचा कोर्स?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय 22, राहायला घणसोली, बारावी कॉमर्स करून एफवायला सोडलंस, आता मावसभावाबरोबर फ्लॅटच्या वायरिंगला हेल्पर म्हणून जातोस. आयटीआयला दोन वर्षं द्यावीत की सहा महिन्यांचा खासगी कोर्स करून स्वतःची कामं धरावीत, आणि वय निघून गेलंय का, असं विचारलं आहेस. मी या लाइनमध्ये 26 वर्षं आहे. सुरुवात ठाण्यात घरगुती वायरिंगने झाली, मग रबाळ्याला कंपनीत मेन्टेनन्स, आता सुपरवायझर. तू माझ्या पुतण्याच्या वयाचा आहेस म्हणून अरेतुरे करतोय.

वय गेलेलं नाही. आयटीआयला कमाल वयाची अट नसते. माझ्या बॅचला तिशीतला, घरी दोन मुलं असलेला एक जण होता आणि तो आमच्यापेक्षा चांगला शिकला. प्रवेश दहावीच्या गुणांवर ऑनलाइन होतो. इलेक्ट्रिशियन ट्रेडला गर्दी असते, त्यामुळे फॉर्म भरताना फक्त वागळे इस्टेटचं शासकीय आयटीआय धरून बसू नकोस, अंबरनाथही टाक. इलेक्ट्रिशियनला नंबर नाही लागला तर वायरमन ट्रेड घे. तोही दोन वर्षांचाच.

सहा महिन्यांच्या कोर्सने हाताला वळण लागेल, पण पुढची दारं उघडणार नाहीत. आयटीआय झालं की अप्रेंटिसशिप करता येते. महावितरण घेतं, टीटीसी पट्ट्यातल्या, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या, कंपन्याही घेतात. महावितरणमध्ये विद्युत सहाय्यकाची भरती निघते तेव्हा बारावी आणि आयटीआय दोन्ही मागतात, म्हणजे तुझी बारावी इथे कामाला येते. पण त्या भरतीला वयाची अट असते, म्हणून आयटीआय पुढच्या वर्षावर ढकलू नकोस. आणि स्वतःची कामं म्हणतोस, तर नवीन मीटरसाठी अर्ज करताना जो टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यावर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते. परमिट, परवाना काही नसेल तर तू कायम दुसऱ्याच्या सहीवर काम करणार आणि पैशातला मोठा वाटा त्याच्याकडे जाणार. हे अजून कुणी तुला सांगितलेलं दिसत नाही.

आता जे तू विचारलं नाहीस आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते सांगतो. तू शिकतोयस कुणाच्या हाताखाली?

2006 सालची गोष्ट. भारनियमनाचे दिवस होते, घरोघरी इन्व्हर्टर बसत होते. नौपाड्यात एका जुन्या बिल्डिंगमध्ये हॉलचा पंखा बदलायला गेलो होतो. ज्या ठेकेदाराकडे होतो त्याने मला कामाचा वेग शिकवला होता. मेन स्विच पाडायचा, शिडीवर चढायचं, वायर सोडवायची. टेस्टर खिशात, पण लावायची सवयच नाही. त्या दिवशीही मेन पाडला. पंख्याची लाइन इन्व्हर्टरवर होती. मेन पडताक्षणी इन्व्हर्टरला वाटलं लाइट गेली, आणि त्याने सप्लाय सुरू केला. मी उघड्या तारेला हात लावला आणि शिडीवरून खाली आलो. मनगट मोडलं, दीड महिना घरी. सहा वर्षं काम केलेला माणूस होतो मी, नवखा नव्हतो. चूक सवयीची होती, आणि सवय ज्याच्याकडे शिकलो त्याची होती.

नंतर रबाळ्याला ज्यांच्या हाताखाली लागलो, ते मालवणचे, आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. पहिला आठवडा त्यांनी मला पॅनेलला हातच लावू दिला नाही. अडीच स्क्वेअरची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर आणि कटर हातात दिला, म्हणाले इन्सुलेशन सोल. मी सोलून दाखवली की ते तांब्यावरून नख फिरवायचे. कुठे खाच लागली की वायर परत. खाच पडलेली तार वरून जाड दिसते, पण पीळ बसला की तिथूनच तुटते, किंवा तिथेच तापते. मग टर्मिनलमध्ये स्क्रू आवळला की वायर ओढून बघायची. प्रत्येक. चाळीस टर्मिनल असतील तर चाळीस वेळा. तेव्हा राग यायचा. आज कुठल्याही बिल्डिंगचा मीटर बॉक्स उघडला आणि जळकट वास आला, तर दहातल्या आठ वेळा आत सैल स्क्रूच सापडतो.

त्यांनीच शिकवलं की टेस्टर पेटला नाही म्हणजे लाइन बंद, असं धरायचं नाही. लाकडी स्टुलावर उभा असशील तर तो नीट पेटतही नाही. आणि उलटंही होतं. न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची तार, तुटलेला असेल आणि एखादा दिवा चालू राहिला असेल, तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि नवा पोरगा म्हणतो दोन्हीकडे फेज (करंट आणणारी तार) आलाय. म्हणून व्होल्टेज आकड्यात दाखवणारा मल्टिमीटर. तोही आधी चालू लाइनवर लावून बघायचा, मग आपल्या जागेवर, मग पुन्हा चालू लाइनवर. तीन वेळा. मीटर स्वतः बंद पडलेला नाही याची खात्री त्यातून होते.

न्यूट्रलवरून आठवलं. कोपरखैरणेत एका सिडकोच्या वसाहतीत पावसाळ्यात मेनचा न्यूट्रल सैल झाला. काही घरांतले दिवे मंद, शेजारच्या घरांत डोळे दिपतील इतके प्रखर. थ्री फेजमध्ये न्यूट्रल गेला की 230 व्होल्टची उपकरणं दोन फेजच्या मध्ये एकमेकांना जोडली जातात, आणि ज्या बाजूला लोड कमी तिथला व्होल्टेज 415 च्या दिशेने चढतो. तीन टीव्ही, एक फ्रीज गेला. लोक महावितरणला शिव्या घालत होते, दोष वसाहतीच्या आतल्या पॅनेलमधला होता. हे कारण ज्याला समजावून सांगता येतं त्याला सोसायट्या परत परत बोलावतात.

काम कुठे आहे म्हणशील तर तुझ्या घराच्या आसपासच. ऐरोली, रबाळे, महापे इथे डेटा सेंटर उभी राहिली आहेत. तिथे यूपीएस, जनरेटर, एचटी (उच्च दाबाचे) पॅनेल चोवीस तास सांभाळायला माणसं लागतात, शिफ्ट ड्युटी असते. छतावरच्या सोलरलाही 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेनंतर मागणी वाढली आहे. मात्र सोलरमध्ये नुसत्या घरगुती वायरिंगच्या अनुभवावर उतरू नकोस. दिवसा पॅनेल बंद करता येत नाही, तारेत काहीशे व्होल्ट डीसी असतो, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी लगेच विझत नाही. वर्षभर जाणत्या माणसाबरोबर जा, मग कनेक्टरला हात लाव.

हत्यारांवर सुरुवातीला फार पैसे घालू नकोस. इन्सुलेटेड पक्कड, बऱ्यापैकी मल्टिमीटर आणि रबरी सोलचे बूट. वायर न तोडता करंट मोजणारा क्लॅम्प मीटर पहिल्या-दुसऱ्या वर्षात घेता येईल. चप्पल घालून कामाला जाऊ नकोस, मावसभाऊ जात असला तरी.

आता येत्या आठवड्यात एवढंच कर. मावसभावाबरोबर जाशील तेव्हा काही न बोलता बघ. लाइन बंद केल्यावर तो तपासतो का? इन्व्हर्टर आहे का हे घरमालकाला आधी विचारतो का? बत्तीस अँपिअरचा एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच) सारखा पडतोय म्हणून चाळीसचा टाकून मोकळा होतो, की वायर किती स्क्वेअरची आहे ते आधी बघतो? आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) ट्रिप होतो म्हणून कधी बायपास करतो का? यातल्या दोन गोष्टी जरी चुकत असतील, तरी त्याच्याशी भांडू नकोस, घरचा माणूस आहे, पण शिकायला दुसरीकडे जा. जे दिसेल ते आणि दहावीचे गुण इथे लिही. गुण पाहून कुठल्या आयटीआयचा पर्याय वर ठेवायचा ते मी सांगतो.