टायरच्या तेलातलं गंधक कास्टिकने निघतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मळणीच्या हंगामात ट्रॅक्टरसाठी टायर वितळवून काढलेलं तेल ड्रमने स्वस्तात मिळतंय, पण वास भयंकर येतो. विकणारा म्हणतो, कास्टिक सोडा आणि चुना टाकून रात्रभर ठेवा, गंधक तळाशी बसतं. रिफायनरीत असंच करतात का? आणि गंधक काढल्यामुळे नवं डिझेल ‘कोरडं’ होऊन जुना पंप खातं, हे खरं का?

भाऊ, तळाशी बसतो तो चुना. तुरीतले खडे निवडावेत तसं गंधक तेलातून वेगळं काढता येत नाही, कारण ते तेलात मिसळलेलं नसून तेलाच्या रेणूतच बांधलेलं असतं. टायरचं रबर मुळात गंधक घालूनच पक्कं करतात, त्यामुळे त्या तेलात साधारण एक टक्का गंधक येतं. म्हणजे २०० लिटरच्या ड्रममध्ये पावणेदोन किलोच्या आसपास. पंपावरच्या बीएस-६ डिझेलची मर्यादा १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) आहे, म्हणजे त्याच ड्रममध्ये दोन ग्रॅमसुद्धा नाही. एक लिटर टायरतेल २०० लिटर चांगल्या डिझेलमध्ये ओतलं, तरी गंधक ६० पीपीएमवर जातं.

कास्टिकने काहीच होत नाही असं नाही, आणि फसगत तिथेच होते. हायड्रोजन सल्फाइड वायू आणि हलके मर्कॅप्टन (गंधकाची उग्र वासाची संयुगं) कास्टिक धरून ठेवतं, आणि कुजका वास मुख्यतः त्यांचाच असतो. वास कमी झाला की वाटतं गंधक गेलं. पण डिझेलच्या जातीच्या तेलात बहुतेक गंधक थायोफिन गटातलं असतं. त्यात गंधकाचा अणू कड्यात अडकलेला असतो, त्याला कास्टिक शिवतही नाही. उलट सोड्याचा साबण तयार होऊन पाणी तेलात फेसाळतं, सोडियमचा थर इंजेक्टरवर बसतो, आणि चुन्याची बारीक भुकटी डिझेल पंपाचा प्लंजर (दट्ट्या) घासते. प्लंजर आणि त्याच्या नळकांड्यातली, म्हणजे बॅरलमधली, जागा असते दोन-चार मायक्रॉन. आणखी एक: कास्टिकच्या उरलेल्या पाण्यात बॅटरीचं अ‍ॅसिड कधीही टाकू नका. धरलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम मोकळा होतो. प्रमाण १०० पीपीएमच्या पुढे गेलं की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि माणूस धोका टळला असं समजतो.

रिफायनरीतही कास्टिक वापरतात, पण सिलिंडरच्या गॅससारख्या हलक्या मालाला. (गंमत म्हणजे तिथे मर्कॅप्टन धुऊन काढतात आणि गळती कळावी म्हणून शेवटी मोजून पुन्हा घालतात.) डिझेलसाठी मात्र हायड्रोजन लागतो. कच्चं डिझेल गाळून, पंपाने दाब वाढवून हायड्रोजनमध्ये मिसळतात, आधी एक्स्चेंजरमध्ये (तिथे बाहेर पडणारा गरम माल नळीच्या भिंतीतून आत जाणाऱ्याला उष्णता देतो) आणि मग भट्टीत ३३० ते ३८० अंशांपर्यंत तापवतात आणि रिअ‍ॅक्टरमध्ये सोडतात. दाब ६० ते १०० किलो. प्लांटातली माणसं चौरस सेंटिमीटर वगैरे म्हणत नाहीत, नुसतं ‘किलो’. आत अ‍ॅल्युमिनाच्या बारीक कांड्यांवर कोबाल्ट-मॉलिब्डेनम किंवा निकेल-मॉलिब्डेनमचा उत्प्रेरक असतो. हायड्रोजन गंधकाचा बंध तोडतो आणि त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो. क्रियेतून उष्णता निघते, म्हणून थरांच्या मधे गार गॅस सोडतात, नाहीतर तापमान हाताबाहेर जाऊन उत्प्रेरकावर कोळसा चढतो.

पहिलं ९५ टक्के गंधक सहज जातं. खरी झुंज शेवटच्या थोड्याशी असते. काही रेणूंत गंधकाच्या दोन्ही बाजूंना मिथाइल गट पहारेकऱ्यासारखे उभे असतात, उत्प्रेरक जवळच जाऊ शकत नाही. म्हणून ५० वरून १० पीपीएमवर यायला जास्त दाब, जास्त उत्प्रेरक आणि शुद्ध हायड्रोजन लागला. फिरत्या गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड अमाइन नावाच्या, तो शोषून घेणाऱ्या द्रावणाने धुतात, कारण तो साचला की याच हट्टी रेणूंची क्रिया मंदावते. देशभर हे डिझेल १ एप्रिल २०२० पासून आलं.

इतकं करूनही माल बिघडतो, आणि कारण कधी अगदी किरकोळ असतं. आत जाणाऱ्या तेलात १२,००० पीपीएम गंधक आहे असं धरा. एक्स्चेंजरची एखादी नळी झिरपली आणि हजारात एक भाग कच्चं डिझेल तयार मालात मिसळलं, की १२ पीपीएमची भर पडली, सगळी टाकी नापास. दुसरं दुखणं एअर कूलरचं, म्हणजे रिअ‍ॅक्टरमधून आलेला माल पंख्याच्या हवेने गार करणाऱ्या नळ्यांचं. तेलातल्या नायट्रोजनचा अमोनिया होतो, तो हायड्रोजन सल्फाइडशी जुळून मीठ धरतो, नळ्या तुंबतात आणि गंजतात. म्हणून आधी पाणी फवारतात. त्यातलं निदान एक चतुर्थांश वाफ न होता पाणीच राहिलं पाहिजे, नाहीतर मीठ धुतलंच जात नाही.

पंपाचं म्हणाल, तर ओरड निराधार नाही. या प्रक्रियेत डिझेलची नैसर्गिक चिकटाई, म्हणजे वंगण देण्याचा गुण, जाते. पण चिकटाई गंधकामुळे नव्हती, सोबतच्या इतर संयुगांमुळे होती, तीही त्याच वेळी निघून जातात. म्हणून चिकटाईचं रसायन घालून मग माल सोडतात, आणि झिजेच्या चाचणीत डाग ४६० मायक्रॉनच्या आत यावा लागतो. जुन्या ट्रॅक्टरच्या इनलाइन पंपाच्या कॅमला इंजिन ऑइल मिळतं, त्याला फार भीती नाही. रोटरी पंप सगळा डिझेलवरच चालतो, त्यात रॉकेल मिसळाल तर झीज नक्की. जुनी, कडक झालेली रबराची सील गळू लागली तर सील बदला, डिझेलमध्ये ऑइल ओतत बसू नका. आणि तो ड्रम परत करा.

काढलेलं गंधक जातं कुठे? हायड्रोजन सल्फाइडचा एक तृतीयांश जाळतात, त्याचा सल्फर डायऑक्साइड उरलेल्याशी जुळतो आणि पिवळंधमक गंधक वितळलेल्या रूपात निघतं. कृषी केंद्रात ९० टक्के बेंटोनाइट गंधकाची पिशवी मिळते, तिचा कच्चा माल बहुधा असाच तेल-वायूतून आलेला असतो. सोयाबीनला द्यायचं तर पेरणीआधीच वावरात मिसळा. मुळं ते जसंच्या तसं घेत नाहीत. जमिनीत ओल असली तर जिवाणू त्याचं सल्फेट करतात, आणि त्याला काही आठवडे लागतात.