वाचक विचारतात : खुनी आधीच कळला, तरी जीव टांगणीला का?

प्रश्न : आमच्या मंडळात ‘डबल इन्डेम्निटी’ हा १९४४ चा कृष्णधवल चित्रपट दाखवला. विमा एजंट सुरुवातीलाच खुनाची कबुली देतो, तरी शेवटपर्यंत कुणी जागचे हलले नाही. असे का? (भुसावळ)

उत्तर : ‘कोणी केले’ हा प्रश्न मिटला की ‘आता सापडणार’ ही धास्ती उरते. दिग्दर्शक बिली वायल्डरने ती साध्यासुध्या अडचणींतून उभी केली आहे. विमा एजंट वॉल्टर नेफ आणि त्याची प्रेयसी फिलिस विम्याच्या पैशांसाठी तिच्या नवऱ्याचा खून करतात आणि तो गाडीतून पडून मेला असे भासवायचे ठरवतात. मेलेल्या नवऱ्याचे सोंग घेऊन, कुबड्या टेकत नेफ आगगाडीच्या मागच्या मोकळ्या सज्जात येतो, तर तिथे एक प्रवासी निवांत बसलेला! त्याला हटवल्याशिवाय उडी टाकता येत नाही, आणि गाडी तर पुढे चालली आहे. मिनिटभराच्या उशिराने ठरलेली जागा किती मागे पडते, हे भुसावळकरांना सांगायला नको. पुढे प्रेत रुळांवर ठेवून दोघे मोटारीत बसतात, आणि मोटार सुरूच होत नाही. ‘हो बाई सुरू’ असे आपल्याच मनात येते. खुन्याची काळजी आपल्याला वाटू लागते, तिथेच आपण अडकतो.

दुसरे कारण लेखनात आहे. जेम्स केनची मूळ कथा १९३६ मध्ये ‘लिबर्टी’ साप्ताहिकातून क्रमशः आली. तिचे संवाद वाचताना खटकेबाज, पण नटांच्या तोंडी बसेनात. म्हणून वायल्डर आणि रेमंड चँडलर यांनी ते नव्याने लिहिले. शेवटही बदलला. कथेत दोघे बोटीवरून समुद्रात जीव द्यायला निघतात. चित्रपटात जखमी नेफ कचेरीच्या दाराशी कोसळतो आणि त्याचा वरिष्ठ सहकारी कीज काडी ओढून त्याची सिगारेट पेटवतो. तोवर कीजच्या सिगारला काडी लावायचा तो नेफ. नेफच्या मृत्युदंडाचा प्रसंगही चित्रित झाला होता; वायल्डरने तो गाळला, आणि योग्यच केले. एवढ्या वर्षांनी हा चित्रपट पुन्हा पाहावासा वाटतो तो खुनापेक्षा नेफ आणि कीज यांच्या मैत्रीसाठी, असे आमचे ठाम मत आहे.

प्रश्न : त्यातल्यासारखे खिडकीच्या पट्ट्यांचे कवडसे आमच्या लघुपटात हवे आहेत. एलईडी पॅनल लावून पाहिले, भिंतीवर नुसता धुरकट उजेड पडतो. (अमळनेर)

उत्तर : दोष पॅनलच्या आकाराचा आहे. दिवा जितका मोठा, तितकी सावलीची कड पसरट. दिवा पट्ट्यांपासून ३ मीटर आणि पट्ट्या भिंतीपासून १ मीटर असतील, तर दिव्याच्या उंचीच्या एक तृतीयांश एवढी कड पसरते. ३० सेंमी पॅनलने ती १० सेंमी होते. ५ सेंमीच्या फटी त्यात विरघळून जातात. ५०० वॅटचा लांब नळीचा हॅलोजन घ्या आणि नळी फटींना समांतर, म्हणजे आडवी ठेवा. जाड पुठ्ठ्यात ५ सेंमीच्या फटी आणि मध्ये ४ सेंमीच्या पट्ट्या कापा. भिंतीवर फट साधारण पावणेसात सेंमीची दिसेल. हॅलोजन भयंकर तापतो, त्यामुळे पुठ्ठा, पडदा दूरच ठेवा.

चुन्याची पांढरी भिंत समोर असेल तर तिच्यावरून परतलेला उजेड सगळा काळोख खाऊन टाकतो. तिच्यावर काळी घोंगडी टांगा. मोबाइलने चित्रण करत असाल, तर चेहऱ्यावरच्या उजळ पट्टीवर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक करा आणि मग थोडे खाली ओढा. नाहीतर कॅमेरा आपणहून अंधार उजळतो आणि काळ्याचे राखाडी होते.

मूळ चित्रपटात छायालेखक जॉन साइट्झने हवेत अ‍ॅल्युमिनियमचे कण उडवले होते. ते मुळीच करू नका, फुप्फुसात जातात. धुपाटण्यात थोडा ऊद पुरतो. धूर खोलीभर सारखा पसरला की पंखा बंद करा आणि दिवा समोरून न ठेवता पात्राच्या मागून किंवा बाजूने ठेवा. समोरच्या दिव्यात धुराची तिरीप दिसत नाही. पंख्याविना वैशाखात खोलीत उभे राहवणार नाही, तेव्हा चित्रण रात्रीच ठेवा. बाहेरचा उजेड अडवायचे कामही वाचेल.