वारली मैत्रिणीने वाघबारशीला पाड्यावर बोलावलंय, जाऊ का? गेले तर कसं वागायचं?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसमधली मैत्रीण डहाणूकडची वारली आहे, तिने यंदा वाघबारशीला घरी बोलावलंय, तुम्ही पुण्याच्या, शाकाहारी, पाड्यावर कधी गेलेल्या नाहीत आणि त्यांच्या देवाच्या कामात आपण मधे मधे तर येणार नाही ना अशी धाकधूक आहे. मी डहाणूजवळच्या बोर्डीची, चिकूवाडीतच वाढलेली, माझीही एक वारली मैत्रीण आहे आणि तिच्या पाड्यावर मी वाघबारशीला गेलेली आहे, त्यामुळे म्हटलं उत्तर द्यावं.

जा. नक्की जा, फक्त आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. पूजेच्या वेळेला गाडीतून उतरून तासाभरात परत फिरणारी माणसं दरवर्षी येतात, त्यांना खुर्ची मिळते, चहा मिळतो, आणि बस. आदल्या दिवशी गेलात तर तांदूळ निवडायला बसवतील, पाणी आणायला बरोबर नेतील, आणि त्यातच तुम्ही पाहुण्या न राहता घरच्या होऊन जाल. लोकल डहाणू रोडपर्यंत येते, पुढे एसटी किंवा इको (शेअर गाडी), त्याच्या पुढचं मैत्रीण सांगेल, शेवटचा तुकडा चालायचाच असतो बहुतेक.

वाघबारस म्हणजे आश्विन वद्य द्वादशी, आपण ज्या दिवशी वसुबारस म्हणून गायवासराची पूजा करतो तोच दिवस. वारल्यांची दिवाळी तिथून सुरू होते. आपण गायीला ओवाळतो आणि ते वाघाला मान देतात, मला हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ गप्प बसले होते, कारण गुरं रानात चरायला सोडायची तर रान ज्याचं आहे त्याच्याशी बोलून घ्यायला नको का! वाघ म्हणजे बिबट्यासुद्धा, दोघांना वाघच म्हणतात, आणि बिबट्या आमच्याकडे आजही आहे, ही जुनी झालेली गोष्ट नाही. देवळात मूर्ती वगैरे शोधू नका. पाड्याच्या वेशीवर झाडाखाली लाकडाचा किंवा दगडाचा खांब असतो, त्यावर वाघ, सूर्य, चंद्र, कुठे नाग कोरलेला, शेंदूर फासलेला. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर मिळून वाघोबाची, म्हणजे ह्या वाघदेवाची, 150 ठाणी (पूजेच्या जागा) नोंदवली आहेत, म्हणजे अगदी मुंबईच्या कुशीपर्यंत हा देव आहे.

गोष्ट गावोगाव वेगळी सांगतात. मला माझ्या मैत्रिणीच्या आईने भाकरी थापता थापता सांगितली ती अशी, की एका न लग्न झालेल्या मुलीला मूल झालं, ते वाढून वाघ झालं, गावाची गुरं खायला लागलं, गाव त्याला मारायला निघालं तेव्हा आई मधे उभी राहिली आणि तिनेच ठरवून दिलं की गाव तुला जागा देईल, वर्षातून एकदा तुझं तुला देईल, तू गुरामाणसांना हात लावायचा नाहीस. एवढं सांगून ती परत भाकरीकडे वळली. पूजेत भगत, म्हणजे पूजा करणारा, जे म्हणतो त्यातला एक शब्द मला कळला नाही तरी त्या आईची गोष्ट डोक्यात असल्यामुळे कोंबडं, नारळ, तांदूळ हे सगळं कशासाठी चाललंय ते पोटात कळत होतं.

हो, कोंबडं कापतात. तुम्ही शाकाहारी आहात म्हणून आधीच सांगते. बघवणार नसेल तर थोडं मागे उभ्या रहा, कोणी काही म्हणत नाही, पण तोंड वेडंवाकडं करू नका आणि "अंधश्रद्धा" हा शब्द तर तिथे उच्चारूच नका. जेवायचं काही अडत नाही. दिवाळीत करांदे, कणगर असे कंद आणि रताळी उकडलेली असतात, चवळी असते, काकडी असते, मी तर दोन दिवस त्यावरच राहिले होते आणि पोट हलकं होतं. ताडी पुढे केली तर प्यायलाच हवी असं नाही, हात जोडून नको म्हटलं तरी चालतं.

बाईमाणसाने वाघोबाच्या ठाण्यापर्यंत जायचं की नाही, पाळी असेल तर काय, हे प्रत्येक पाड्याचं वेगळं असतं. इंटरनेटवर विचारू नका, मलाही विचारू नका, घरातल्या मोठ्या बाईला सरळ विचारा. ती सांगेल तिथे उभ्या रहा आणि चपला लांब काढा.

फोटोचं मात्र मनापासून सांगायचंय. पहिल्या वर्षी भगत तांदूळ मांडत होता आणि माझा हात आपोआप मोबाईलकडे गेला, वाईट हेतू काहीच नव्हता, सुंदर दिसत होतं म्हणून. मैत्रिणीच्या आईने माझं मनगट धरलं. ओरडली नाही, काही बोललीही नाही, धरून ठेवलं नुसतं, पूजा संपेपर्यंत. नंतर मला समजलं की पाड्यातल्या कोणीच फोटो काढला नव्हता, मोबाईल सगळ्यांकडे होते. संध्याकाळी नाचाचे फोटो मात्र त्यांनीच हौसेने काढले आणि मला पाठवले. मग काय चालतं काय नाही हे त्यांच्या हाताकडे बघून ठरवा, ते काढत असतील तर विचारून काढा.

नाचाचं काय सांगू. तारपा म्हणजे वाळलेला दुधी, बांबू, ताडाचं पान आणि मेण, एवढ्यावर बनतं ते वाद्य, आणि वाजवणारा श्वास तुटू न देता वाजवत राहतो, कसं ते मला अजून उमगलेलं नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्यामुळे वारली चित्रातला तो गोल नाच जगभर गेला, आता कुर्त्यावर पण असतो, पण चित्रात आवाज नसतो ना! कमरेला हात घालून साखळी होते, तारपावाला वळेल तशी ती वळते, सूर बदलला की पाय बदलतो. बोलावलं तर जा, पाय चुकले तरी शेजारची ओढून नेते. न बोलावता मधे शिरू नका, आणि "परत एकदा वाजवा, व्हिडिओ करायचाय" असं तर कधीच नाही. एका पाहुण्याने असं म्हटलं होतं, तारपावाल्या काकांनी तारपा खांद्यावर टाकला आणि घरी निघून गेले, त्या रात्री नाच तिथेच थांबला.

जुने कपडे वाटायला घेऊन जाऊ नका. नारळ, तांदूळ, गूळ, चहापावडर न्या, कुठल्याही घरी न्याल तसं.

हे मी इतकं लावून का धरते तर माझी मैत्रीण आमच्या वाडीत काम करणाऱ्या मावशींची मुलगी, शाळेत माझ्याच वर्गात, आणि तिचा पाडा आमच्या घरापासून बारा किलोमीटर, तरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा एकतीस वर्षांची होते. त्याआधी आमच्या घरातलं कोणीच गेलं नव्हतं. ह्या भागात सावकार-जमीनदारांनी वारल्यांकडून वेठ, म्हणजे फुकट सक्तीचं काम, करून घेतली, लग्नाच्या कर्जापायी माणूस लग्नगडी म्हणून राबायचा, बायकोसकट. 23 मे 1945 ला झरी गावात सभा झाली, किसान सभेच्या गोदावरी परुळेकर होत्या, आणि वेठ करणार नाही असं वारल्यांनी ठरवलं. मैत्रिणीच्या आजोबांना ते सगळं आठवायचं. त्यांनी मला, वाडीवाल्यांच्या मुलीला, स्वतःच्या शेजारी जेवायला बसवून घरच्यांना मला वाढायला सांगितलं होतं. तुम्ही पुण्याच्या आहात, तुमच्यावर हे ओझं नाही, पण आपल्यासारख्यांना बोलावणं ही साधी गोष्ट नाही हे माहीत असावं.

निघताना घरच्या बायका तुमच्या पिशवीत करांदे घालतील, नको म्हणू नका. घरी मीठ घालून सालासकट उकडा, थोडे कडू लागतात ते तसेच असतात. आणि पुढच्या सणाला तुमच्या मैत्रिणीला घरी बोलवा. माझी मैत्रीण त्याच दिवाळीत पाडव्याला आमच्याकडे आली, लहानपणापासून मागच्या पडवीत बसायची ती पहिल्यांदा आत आली आणि आईने तिला आमच्याच पंगतीत बसवलं.