८० लाखांच्या फ्लॅटसाठी वकील १ टक्का फी आणि वर जीएसटी मागतात. याला काही कायदेशीर दर आहे का?

दर नाही. खरेदीखत, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र, टायटल सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) अशा कोर्टाबाहेरच्या कामाची वकील फी भारतात कोणत्याही कायद्याने ठरवलेली नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३४ खाली उच्च न्यायालये फीचे नियम करतात, पण ते हरलेल्या पक्षाने समोरच्याच्या वकिलाचा खर्च किती द्यायचा, एवढ्यापुरतेच. नोंदणी फी एका कमाल मर्यादेपर्यंत १ टक्का असते म्हणून वकिलाचा १ टक्काही सरकारी असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. तो निव्वळ मागितलेला भाव आहे आणि त्यावर घासाघीस करण्यात काही गैर नाही.

जीएसटीचं आधी सांगतो, कारण तिथे उत्तर स्वच्छ आहे. वकिलाने किंवा वकिलांच्या भागीदारी फर्मने, व्यवसाय नसलेल्या व्यक्तीला दिलेली कायदेविषयक सेवा करमुक्त आहे. तुम्ही राहण्यासाठी स्वतःच्या नावावर घर घेत असाल, तर बिलातले १८ टक्के काढायला सांगा.

आता ८०,००० योग्य की जास्त? किंमत दुप्पट झाली म्हणून काम दुप्पट होत नाही. काम वाढतं ते कागदांमुळे. आधी किती जणांनी फ्लॅट विकला, मधला एखादा करार नोंदवायचा राहिला आहे का, मूळ मालक वारला असेल तर वारस किती, सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालं आहे का, बँकेचा बोजा आहे का. इंग्लंडमध्ये अशा कामांच्या फीसाठी २००९ चा स्वतंत्र आदेश आहे. त्यात गुंतागुंत, लागलेला वेळ, कागदांची संख्या आणि महत्त्व, लागणारं कौशल्य असे निकष आहेत. मालमत्तेची किंमत हा त्यातला फक्त एक. आपल्याकडे तो लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून चांगला आहे. बिल्डरकडून घेतलेल्या पहिल्याच मालकाकडून फ्लॅट घेत असाल आणि सगळे कागद जागेवर असतील, तर टक्केवारी मान्य करू नका, ठोक रक्कम मागा.

खरा घोळ होतो तो 'सगळं धरून' सांगितलेल्या आकड्यात. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, सर्चचं शुल्क, जाहीर नोटीस, मसुदा, दुय्यम निबंधक कार्यालयातली हजेरी, सगळं एकत्र, आणि शेवटी 'ऑफिस खर्च'. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीचं चलन ऑनलाइन भरता येतं, ते स्वतःच्या खात्यातून भरा. ज्या रकमेची पावती मिळत नाही ती सरकारी फी नाहीच, ती देऊ नका.

काम सुरू होण्यापूर्वी एक ईमेल पुरतो: सर्च किती वर्षांचा (३० वर्षांचा मागावा), अहवाल लेखी सही करून मिळणार का, मसुद्यात किती दुरुस्त्या धरल्या आहेत, इंडेक्स २ (नोंदणीचा उतारा) कोण काढणार, आणि व्यवहार फिसकटला तर किती फी. हा शेवटचा मुद्दा हटकून राहतो आणि भांडणं त्यावरूनच होतात. बँकेच्या वकिलाचा अहवाल बँकेसाठी असतो, त्यावर विसंबून स्वतःचा सर्च वाचवू नका.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचे आचारनियम कोर्टाबाहेरच्या कामालाही लागू आहेत. वकिली व्यवसायात हे काम येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. नियम २५ ते ३० तुमच्या उपयोगाचे: अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवायचा, फी किती आणि खर्चासाठी किती हे वेगळं नोंदवायचं, खर्चाचे पैसे लेखी संमतीशिवाय फीकडे वळवायचे नाहीत, आणि मागितल्यास हिशेबाची प्रत द्यायची. म्हणून पैसे देतानाच 'फीपोटी' की 'खर्चापोटी' हे ट्रान्सफरच्या नोंदीत लिहा.

फी थकली म्हणून मूळ कागद अडवून ठेवता येत नाहीत. आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच ते सांगितलं आहे. फीच्या रकमेचा वाद मात्र वेगळा. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२४ च्या निकालानंतर वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. हिशेब न देणं, पैसे वळवणं, कागद अडवणं हे गैरवर्तन असेल तर अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करा. पैसे परत हवे असतील तर दिवाणी दावा. दोन्हीकडे तो पहिला ईमेल आणि बँकेतली नोंद लागेल.