मुलीच्या विषयाचं नाव पत्रात कुठेच नाही

(देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांचं पत्र. मुलगी एमडी रेडिओलॉजी झाली आहे, सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष संपत आलंय. तिला स्तन आणि स्त्रियांच्या इतर आजारांच्या इमेजिंगची वर्षभराची फेलोशिप करायची आहे. वडिलांनी एस.टी. स्टँडजवळ गाळा घेऊन सोनोग्राफी मशीनसाठी एजंटला आगाऊ पैसे दिलेत. 'एकाच अवयवासाठी आणखी एक वर्ष घालवावं का? घालवायचंच तर कुठल्या फेलोशिपला किंमत आहे?' असं ते विचारतात.)

नमस्कार,

तुमचं अडीच पानी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. पत्रात गाळ्याचं क्षेत्रफळ आहे, कर्जाचा हप्ता आहे, सांगून आलेल्या दोन स्थळांची सगळी माहिती आहे. मुलीच्या विषयाचं नाव मात्र एकदाही नाही. 'तो विषय', 'तसलं शिक्षण', 'त्या भागाची फेलोशिप'. आणि मग हा प्रश्न: 'स्थळांना द्यायच्या बायोडाटात हे लिहायचं कसं?'

जसं आहे तसं लिहायचं. स्तनांच्या आजारांचं निदान करणारी डॉक्टर. हा शब्द वाचून ज्या घरातली माणसं अवघडतील, त्या घराची तपासणी बायोडाटावरच झाली म्हणायचं. पुढचे चहा-पोहे वाचले.

मुलीच्या मार्कांची मला काळजी नाही; तुम्हालाही नसावी. मी अडखळले ते तुम्ही आखलेल्या तिच्या आठवड्यापाशी. तीन दिवस देवगड, दोन दिवस कणकवली, शनिवारी मालवण. हे तिला विचारून ठरवलंय असं पत्रात कुठे दिसत नाही. कायद्यालाही विचारलेलं नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत २०१२ साली बदल झाला, तेव्हापासून एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर सोनोग्राफी करता येते. तुमची तिन्ही गावं एकाच जिल्ह्यातली, म्हणजे तुमचा शनिवार तिथेच संपला. केंद्राची नोंदणी झाल्याशिवाय मशीनही मिळत नाही, त्यामुळे एजंट 'आधी मशीन ठेवू, कागद मागाहून' म्हणत असेल तर त्याला आजच फोन करा. आणि हे लक्षात घ्या की नोंदणीच्या कागदावर सोनोग्राफी करणारी म्हणून नाव तुमच्या मुलीचं लागणार. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद ठेवायच्या एफ फॉर्मची जबाबदारी तिची. फॉर्ममधली चूक म्हणजे नुसती कारकुनी चूक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. हप्ता तुम्ही भराल हो, पण कोर्टात तिला उभं राहावं लागेल. एवढी जबाबदारी जिच्या डोक्यावर, तिला गाळा घेतल्याचं फोनवर कळलं, असं तुम्हीच लिहिलंय. मी तिच्या जागी असते तर मीही दोन आठवडे फोन उचलला नसता.

आता तुमचा गैरसमज. 'रेडिओलॉजीत पेशंटची कटकट नाही, रात्रपाळी नाही, मुलीच्या जातीला बरं, म्हणून आम्हीच तिला घ्यायला लावली.' म्हणजे काळोख्या खोलीत बसून फोटो बघायचे आणि रिपोर्ट लिहायचा, एवढंच तुमच्या डोळ्यांसमोर आहे. (इमर्जन्सीचं सीटी रात्री दोन वाजता कोण बघतं असं तुम्हाला वाटतं, कोण जाणे.) मुलीने निवडलेल्या कोपऱ्यात तर उलटंच आहे. एमडीच्या तीन वर्षांत डोक्यापासून पायापर्यंत सगळं उरकायचं असतं, त्यात मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, वाट्याला थोडकेच आठवडे येतात. मोहरीच्या दाण्याहूनही बारीक कॅल्शियमचे कण कुठे निरुपद्रवी आणि कुठे कर्करोगाची पहिली खूण, हे ओळखायला शेकडो फिल्म अनुभवी माणसाशेजारी बसून बघाव्या लागतात. त्यावर बायरॅड्स नावाची ० ते ६ अशी प्रतवारी द्यायची. २ म्हणजे निर्धास्त. ३ म्हणजे बहुतेक काही नाही, कर्करोगाची शक्यता फार तर २ टक्के, पण सहा महिन्यांनी पुन्हा बघायचंच. ४ म्हणजे सुईने तुकडा काढायचा, आणि या एका आकड्याच्या पोटात शक्यता २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते. तो तुकडा काढते कोण? तीच. एका हातात सोनोग्राफीचा प्रोब, दुसऱ्या हातात बायोप्सीची सुई, आणि समोर घाबरलेली बाई जागी असते. नंतर चित्र एक सांगतं आणि त्या तुकड्याचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट दुसरंच, तेव्हा सर्जनसमोर 'पुन्हा बायोप्सी करा' म्हणायची धमक लागते. पेशंटशी इतकं बोलावं लागणारं काम रेडिओलॉजीत फार थोडं आहे. तुम्ही ज्या कटकटीपासून मुलीला वाचवायला गेलात, तीच तिने मागून घेतलीय.

राहिला 'कुठल्या फेलोशिपला किंमत?' हा प्रश्न. एफआरसीआर ही ब्रिटनची परीक्षा. बाहेर जायचं नसेल तर तिच्यावाचून काही अडत नाही. बाकी फेलोशिप सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या असतात आणि पाटीवर लावायला सगळ्या सारख्याच दिसतात. तिने अर्ज करण्याआधी तिथल्या आत्ताच्या फेलोला गाठून विचारावं: महिन्याला किती बायोप्सी तू स्वतःच्या हाताने करतेस? सर्जन, पॅथॉलॉजिस्ट यांच्या बैठकीत तुला बसायला मिळतं का? की सकाळपासून नुसत्या सोनोग्राफ्या उपसायला ठेवलंय? टाटा मेमोरियलसारख्या कर्करोगाच्या रुग्णालयात केसेसना तोटा नसतो. फेलोशिपमध्ये श्रोणीचं (ओटीपोटाचं) एमआरआय आणि गर्भातल्या व्यंगांचं स्कॅनिंगही असेल तर सोडू नये. कारण स्पष्ट सांगते, तालुक्याच्या गावी नुसत्या स्तनांच्या तपासणीवर केंद्र चालणार नाही. भाडं, पगार आणि हप्ता गरोदर बायका आणि फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस असले गर्भाशयाचे आजार यांच्यावरच निघेल.

'आमच्याकडच्या बायका मॅमोग्राफीला येणार नाहीत' हे तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. म्हणून मॅमोग्राफी मशीन लगेच घेऊच नका. त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि छाती दाबून नीट फिल्म काढणारी तंत्रज्ञ बाई लागते. ती मिळणं मशीन मिळण्याहून अवघड. पण हाताला गाठ लागलेल्या बाईसाठी सोनोग्राफीचा चांगला लिनियर प्रोब (वरवरच्या भागासाठीचा), बायोप्सी गन आणि विश्वासातला पॅथॉलॉजिस्ट एवढ्यावर पुष्कळ काम होतं. फिल्म तेवढी बाहेरून काढून आणायची. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी वीस वर्षं चालवलेला एक अभ्यास आहे. दीड लाखाहून जास्त बायका, त्यांतल्या निम्म्यांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने केली. त्या गटात कर्करोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत त्याने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. म्हणजे हाताने तपासायला गावची सेविका पुरते, पण तिला काही सापडलं तर पुढे पाठवायला जागा हवी. आज तुमच्याकडची बाई एकतर गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जाते, नाहीतर घाट चढून कोल्हापूरला. आणि पुष्कळदा कुठेच जात नाही.

एक वर्ष फुकट जाईल म्हणता. नव्या कलमाला पहिल्या वर्षी मोहर आला तर तुम्ही काय करता, हे मी तुम्हाला सांगायला नको. खुडता ना?

तेव्हा एजंटला थांबवा, गाळा वर्षभर भाड्याने द्या, आणि पुढचं पत्र मुलीला लिहू दे. तिला देवगडात बसायचंय की नाही, हेही मला तिच्याकडूनच ऐकायचंय.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. दुसऱ्या पानावर कंसात एक ओळ आहे: 'हिच्या आईलाही गेल्या वर्षी तिकडे गाठ होती, गणपती होईपर्यंत घरात बोलली नाही. दसऱ्यानंतर बांबोळीला नेली, काही निघालं नाही, सहा महिन्यांनी या म्हणाले.' मी डॉक्टर नाही आणि तो रिपोर्टही पाहिलेला नाही. पण सहा महिन्यांनी या म्हणाले, याला 'काही निघालं नाही' म्हणत नाहीत. मघाचा ३ आकडा आठवा. दसऱ्यानंतरचे सहा महिने म्हणजे एप्रिल, ऐन हंगाम, पेट्या भरायची घाई. तुमच्या पत्रावर १० जून तारीख आहे.

त्या परत जाऊन आल्या का? नसतील तर या आठवड्यात घेऊन जा. जुनी फाईल सोबत न्या, आणि निघण्यापूर्वी त्या फाईलचे फोटो मुलीला पाठवा.