मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात (उनाम) शिकलेल्या किती जणांना नोबेल मिळालं?

तिघांना, आणि तिघांनाही वेगवेगळ्या विषयांत. नोबेलच्या अधिकृत संकेतस्थळावर तिघांचीही चरित्रं आहेत.

- आल्फोन्सो गार्सिया रोब्लेस (शांतता, १९८२): कायद्याचे विद्यार्थी. लॅटिन अमेरिका अण्वस्त्रमुक्त ठेवणारा १९६७ चा त्लातेलोल्को करार घडवण्यात सगळ्यात मोठा वाटा यांचा. करार झाला ती मेक्सिको सिटीच्या त्लातेलोल्को भागातली परराष्ट्र खात्याची इमारत आता उनामचंच सांस्कृतिक केंद्र आहे.
- ओक्ताव्हिओ पास (साहित्य, १९९०): १९६२ ते ६८ दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत. ऑक्टोबर १९६८ मध्ये त्याच त्लातेलोल्कोच्या चौकात सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा त्यांनी निषेध म्हणून पद सोडलं.
- मारिओ मोलिना (रसायनशास्त्र, १९९५): लहानपणी घरातल्या एका न्हाणीघराची प्रयोगशाळा केलेला मुलगा. १९६५ मध्ये उनाममधून केमिकल इंजिनिअर झाले. त्या काळच्या फ्रीज आणि स्प्रेच्या डब्यांमधल्या सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायूंमुळे ओझोनचा थर विरतो, हे त्यांनी शेरवूड रोलंड यांच्यासोबत १९७४ मध्ये मांडलं.

फक्त 'पदवीधर' हा शब्द जपून वापरा. पास तिथे कायदा शिकत होते खरे, पण पदवी न घेताच १९३७ मध्ये युकातानला कामगार-शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवायला निघून गेले. शिवाय मोलिनांचं ओझोनचं संशोधन उनाममधलं नाही, कॅलिफोर्नियातलं आहे. परीक्षेत 'पदवीधर किती' असं विचारलं तर उत्तर दोन.