घड्याळाची केस (बाहेरचं कवच): ३०४, ३१६एल की ९०४एल स्टील?

प्रश्न: दुकानदार म्हणतो, ९०४एल स्टीलवर ओरखडे उठत नाहीत. खरं आहे का?

नाही. कडकपणात ३१६एल आणि ९०४एल जवळपास सारखेच. ९०४एल सरस ठरतं ते गंजाच्या बाबतीत: ३१६एलमध्ये मॉलिब्डेनम (गंज रोखणारा धातू) २ ते ३ टक्के, यात ४ ते ५ टक्के, वर थोडं तांबं. रोलेक्सने ते १९८५ पासून केसना वापरायला घेतलं. ओरखडेच टाळायचे असतील, तर वरचा थर कडक केलेली केस घ्या, उदाहरणार्थ सिटिझनचं ड्युराटेक्ट.

प्रश्न: मालवणला राहतो, रोज समुद्रात पोहतो. ३१६एलच्या घड्याळाच्या बॅकखाली (मागच्या झाकणाखाली) काळे खड्डे पडलेत. स्टील नकली होतं का?

तसं समजू नका, अस्सल ३१६एललाही हे होतं. स्टील गंजत नाही ते क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. हा थर खरवडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा धरतो. पण बॅकखाली पाणी अडवणारी रबर रिंग बसते, तिच्या खाचेत हवा पोचत नाही. तिथे खारं पाणी आणि घाम साचतो, मिठातलं क्लोराइड वाढत जातं आणि थर फुटतो. अशी बॅक उघडली की खाचेत तपकिरी चिकट मळ दिसतो. तो काडीने काढला की खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे. रिंग बसते त्याच जागी ते पडले, तर नवी रिंगही पाणी अडवू शकत नाही. म्हणून कळकळीने सांगतो: समुद्रातून आलात की बाजूची चावी घट्ट आहे ना बघा, घड्याळ गोड्या पाण्याने धुवा आणि दरवर्षी बॅक उघडून खाच साफ करून घ्या. ९०४एल जास्त टिकेल, पण मळ त्यातही साचतोच.

प्रश्न: ३०४ की ३१६एल, लोहचुंबकाने कळेल का?

नाही. दोन्ही चुंबकाला जवळजवळ दाद देत नाहीत. आणि चावीच्या घड्याळाजवळ चुंबक नेऊच नका. आतली डोक्याच्या केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकीय झाली की घड्याळ पुढे पळतं.

प्रश्न: आजोबांच्या एचएमटीवर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलंय, तरी कडा पिवळ्या पडल्यात. पॉलिश करू का?

करू नका. शब्द नीट वाचा: स्टील फक्त मागचं झाकण. एचएमटीच्या पुष्कळ जुन्या घड्याळांची केस पितळेची, वर क्रोमचा मुलामा. पिवळं दिसतंय ते पितळच. बफिंग केलंत (घासून चमकवलंत) तर उरलेला मुलामाही जाईल. मऊ कापडाने पुसा, पट्टा बदला आणि वापरा.